लोकरीला भाव नाही, मग मेंढी कातरायची कशाला?



कापसाच्या वेचण्या आटोपत आल्या की आपल्या खान्देशात रानोमाळ मेंढरांचे वाडे दिसू लागतात. साक्री, शिंदखेडा, धुळे या भागांतील ठेलारी आणि इतर धनगर बांधव चाऱ्याच्या शोधात बाहेर पडतात. घोड्यावर बिऱ्हाड, त्यावर बांधलेली कोंबडी, मागे लेकरेबाळे आणि पुढे शे-दीडशे मेंढरे, हे दृश्य आपल्याला नवे नाही. शेतकरी त्यांना बोलावून रानात मेंढ्या बसवतात. रानाला लेंडीखत मिळते, धनगराला धान्य किंवा पैसे मिळतात. दोघांचेही भले करणारा हा व्यवहार पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे.

या मेंढरांविषयी एक साधा वाटणारा प्रश्न आज आपल्यापुढे ठेवावासा वाटतो. मेंढीच्या लोकरीला भाव उरला नाही, तर ती कातरायची कशाला?

आपल्याकडची मेंढी प्रामुख्याने दख्खनी जातीची. तिची लोकर भरड असते. वर्षातून दोनदा ती कातरतात. धनगर लोक याला मेंढरे भादरणे म्हणतात. एका मेंढीमागे वर्षाकाठी जेमतेम अर्धा-एक किलो लोकर निघते. एके काळी ही लोकर म्हणजे घरात येणारा रोख पैसा होता. घरच्या बायका तिचे सूत काढत. सणगर आणि खुटेकर मागावर घोंगडी विणत व तिला चिंचोक्याची खळ देत. शेतकऱ्याला अंथरायला, पांघरायला, पावसात डोक्यावर घ्यायला आणि रात्री पिकाच्या राखणीला हीच घोंगडी लागे.

मग दिवस पालटले. पानिपतला जुन्या कपड्यांच्या धाग्यापासून तयार होणारी स्वस्त ब्लँकेटे बाजारात आली, अॅक्रिलिकची आली, पावसासाठी प्लास्टिकचा कागद आला. घोंगडी मागे पडली. आज पुष्कळ ठिकाणी लोकरीचे जे पैसे येतात ते कातरणाऱ्याच्या मजुरीलाही पुरत नाहीत. कातरलेली लोकर रानातच टाकून वाडा पुढे जातो. आता मेंढीचा हिशेब कोकरांवर आणि मटणावर होतो. शासनाने २०१७ साली वीस मेंढ्या आणि एक नर अशा गटासाठी पंचाहत्तर टक्के अनुदानाची 'राजे यशवंतराव होळकर महामेष योजना' आणली. ती चांगलीच आहे. पण तिथेही कुटुंबाच्या मिळकतीचे गणित लोकरीवर बसत नाही.

म्हणजे काय झाले पाहा. पूर्वी कातरणे हे मेंढीकडून घेणे होते. आता ते मेंढीला देणे झाले आहे. खर्च आपला, श्रम आपले आणि लाभ फक्त तिचा. अशा वेळी माणसाच्या मनात सहज येते, राहू दे या वर्षी.

पण न कातरलेल्या मेंढीचे हाल होतात. उन्हाळ्यात तिला उकडते. लोकरीत गोखरू, काटेकुटे आणि चिखल अडकतो. उवा-गोचिडांना लपायला जागा होते. पावसात भिजलेली लोकर जड होते, लवकर वाळत नाही. कातडीला जखम झाली तर ती लोकरीखाली दिसत नाही आणि दिसते तेव्हा तिच्यात अळ्या पडलेल्या असतात. मेंढी बोलत नाही. बकरी निदान ओरडून गाव डोक्यावर घेते, मेंढी मुकाट्याने सोसते.

कोणी म्हणेल, 'ज्यात फायदा नाही त्यात कर्तव्य कसले?' आपल्याकडे यालाच 'गरज सरो नि वैद्य मरो' म्हणतात. या म्हणीतला माणूस आपल्याला आवडत नाही. का आवडत नाही? कारण त्याने वैद्याला गरजेपुरतेच ओळखले. मेंढीच्या बाबतीत तर आपली जबाबदारी याहून मोठी आहे. रानटी मेंढीची लोकर दरवर्षी आपोआप गळून पडते, तिला कातरणाऱ्याची गरज नसते. लोकर न गळता वाढत राहावी म्हणून हजारो वर्षे निवड केली ती माणसाने. हा प्रयत्न अलीकडेपर्यंत चालू होता. जास्त आणि मऊ लोकर मिळावी म्हणून दख्खनी मेंढीचा मेरिनोशी संकर करून पाहिला गेला. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने अँगोरा बोकड आणि आपली संगमनेरी शेळी यांच्या संकरातून मोहेर नावाची तलम लोकर मिळवण्याचेही प्रयोग केले. निवड फार पुढे गेली की काय होते, ते २०१५ साली ऑस्ट्रेलियात दिसले. कॅनबेरा शहराजवळ वर्षानुवर्षे चुकलेला एक मेरिनो मेंढा सापडला. त्याच्या अंगावरून एकेचाळीस किलो लोकर निघाली. त्या ओझ्याखाली त्याला नीट चालताही येत नव्हते. आपली दख्खनी मेंढी इतकी परावलंबी नाही. पण तिची गरजही आपणच निर्माण केली आहे. ज्याने गरज निर्माण केली, त्याला बाजारभाव पडला म्हणून हात झटकता येत नाहीत.

आता दुसरी बाजूही प्रामाणिकपणे पाहिली पाहिजे. धनगर काही श्रीमंत नाही. मुलीच्या शाळेची फी भरायची की मेंढरे भादरायची, असा प्रसंग एखाद्या कुटुंबावर येऊ शकतो. कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथ (१९९२) या बाबतीत दोन्ही गोष्टी सांगतो. प्राण्यांना विनाकारण दुःख देणे माणसाच्या प्रतिष्ठेला शोभत नाही. आणि माणसांच्या विपत्तीसाठी जो पैसा आधी खर्च व्हायला हवा तो प्राण्यांवर उधळणेही योग्य नाही. मेंढीचे ऋण फेडताना लेकरू उपाशी ठेवा, असे कोणीच म्हणणार नाही.

परंतु लेकरू आणि मेंढी यांच्यात निवड करण्याची पाळी त्या एकट्यावर का यावी? मेंढीचा लाभ तो एकटा घेतो का? तिच्या लेंड्यांनी केळीची बाग आणि ज्वारीचे रान पोसते ते दुसऱ्याचे. तिचे मटण रविवारी शिजते ते आपल्या घरात. संदेष्टा यहेज्केल आपल्या ग्रंथाच्या चौतिसाव्या अध्यायात अशा मेंढपाळांना खडसावतो, जे मेंढरांची लोकर पांघरतात, पुष्ट मेंढरे कापून खातात, पण कळपाची निगा राखत नाहीत. त्याचा रोख इस्राएलच्या पुढाऱ्यांवर होता. तरी दाखल्यातला दोष आपण ओळखला पाहिजे. दोष घेण्यात नाही, घेऊन निगा न राखण्यात आहे. ज्याच्या हातात काठी आहे तोच मेंढपाळ, असे समजून आपण निसटू शकत नाही.

संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात लिहून ठेवले की, जो प्राण्यांशी क्रूर वागतो तो माणसांशीही तसा वागू लागण्याचा धोका असतो. हे खरेच आहे. उत्पन्नावरून किंमत ठरवण्याची सवय गोठ्यातून घरात यायला वेळ लागत नाही. कमाई थांबलेल्या म्हाताऱ्या बापाकडे मुलगा कसा पाहतो, यात ती दिसते. तरीही एवढ्यावर थांबू नये. आपले मन बिघडेल म्हणून मेंढीला जपायचे, तर हिशेब पुन्हा आपल्याच फायद्याचा झाला. गोचिडांनी पोखरलेली कातडी मेंढीची आहे, दुखते ते तिला. त्या दुखण्याला स्वतःचे वजन आहे.

मग आपण काय करावे? ज्यांच्या शेतात मेंढ्या बसतात त्यांनी मोबदला ठरवताना घासाघीस थोडी कमी करावी. भादरण्याचा खर्चही त्यात धरावा आणि विहिरीवर मेंढरांना पाणी नाकारू नये. ज्यांच्या दारात दोन-चार मेंढ्या आहेत त्यांनी शेजाऱ्यांशी मिळून कातरणारा एकाच दिवशी बोलवावा, म्हणजे मजुरी परवडते. निघालेली लोकर फेकू नये. झाडाच्या आळ्यात पसरली तर ओल टिकते आणि सावकाश कुजून तिचे खत होते. अंथरूण घ्यायचेच असेल तर एकदा घोंगडीचा विचार करावा. दया म्हणून नव्हे, टिकाऊ वस्तू म्हणून.

लोकरीला पुन्हा भाव आला तर आनंदच आहे. पण मेंढीला भाव येईपर्यंत थांबवता येत नाही. तिची लोकर आजही वाढते आहे, आणि पाऊस यायचा तेव्हा येणारच आहे.