पार्किंगमध्ये कोण जाऊन आलं?

बसा खाली. अहवाल वाचले मी तुमचे, २७ च्या २७. लाज वाटली.

सातमजली इमारत, खाली स्टिल्ट पार्किंग, गाव पुणे. शेवटच्या पानावर सगळ्यांचा एकच निकाल, ‘भूकंपात सुरक्षित’. कशावरून? तर कॉम्प्युटरवर सगळे कॉलम हिरवे दिसले! अरे, दिसणारच. वरच्या मजल्यांतल्या विटांच्या भिंतींचं तुम्ही नुसतं वजन धरलंत, ताठपणा धरलाच नाहीत. त्या भिंती वरचे मजले पेटीसारखे आवळून धरतात. खाली भिंत नाही, नुसते कॉलम. जमीन हलली की वरची पेटी एकसंध सरकते आणि सगळं वाकणं तळमजल्याच्या कॉलमांवर येऊन पडतं. जिथे इमारत मोडणार, नेमकी तीच जागा तुमच्या मॉडेलमध्ये धडधाकट दिसते. याला भाकीत म्हणायचं?

२६ जानेवारी २००१ ला भूकंपाचं केंद्र भुजच्या बाजूला होतं. अहमदाबाद तिथून २०० किलोमीटरहून लांब. तरीही तिथे पार्किंगवर उभ्या असलेल्या अशाच इमारती कोसळल्या. तेव्हा तुम्ही जन्मला नव्हतात, म्हणून ते वाचायचंच नाही?

कॉलमच्या उभ्या सळयांभोवती घालतात ती ही रिंग हातात घ्या. टोकं काटकोनात वळवलेली आहेत. आठ जणांनी ड्रॉइंगमध्ये अशीच काढली आहे. हादऱ्यात कॉलमचं बाहेरचं काँक्रीट सुटलं की हे टोक उघडतं, उभ्या सळया बाहेर फुगतात आणि आतल्या गाभ्याचा चुरा होतो. टोक १३५ अंशांत वळवून गाभ्यात रुतवायचं असतं, आयएस १३९२० या मानकात स्पष्ट लिहिलंय. उघडलं होतं कुणी ते पुस्तक?

‘सर, पुणे भूकंपाच्या झोन तीनमध्येच तर आहे,’ असं काल एकजण म्हणाला. किल्लारी तेव्हाच्या नकाशात झोन एकमध्ये होतं, सगळ्यात कमी धोक्याच्या! ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपात त्या भागातली हजारो माणसं दगडमातीच्या भिंती आणि माळवदांखाली झोपेतच गाडली गेली. पुन्हा माझ्यासमोर झोनचं कारण सांगायचं नाही.

अहवाल परत न्या. भिंती तिरक्या दांड्या म्हणून मॉडेलमध्ये घाला, पुशओव्हर करा, म्हणजे इमारत मोडेपर्यंत बाजूने ढकलत न्या, आणि कुठला कॉलम आधी मोडतो ते मला दाखवा. त्याआधी रविवारी टेप घेऊन त्या इमारतीत जा. तुमच्यातलं कुणीही तिथे गेलेलं नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे. मी परवा जाऊन आलो. जिन्याच्या मधल्या टप्प्याच्या बीमने तिथला एक कॉलम अर्ध्यात अडवलाय. असा आखूड कॉलम जास्त जोर ओढून घेतो आणि तिरकी भेग पडून तुटतो. तुमच्या एकाच्याही ड्रॉइंगमध्ये तो बीम नाही.

सोमवारी अकरा वाजता, मोजमापांसकट. त्याशिवाय माझी सही मिळणार नाही.