बिदागी कीं दर?

धानाची कापणी उरकली म्हणजे चंद्रपूर-गडचिरोलीकडील झाडीपट्टींत नाटकांचा हंगाम सुरू होतो. मंडई किंवा शंकरपट असला कीं गांवकरी वडशाच्या एखाद्या नाटकमंडळीस बोलावितात आणि रात्रीं सुरू झालेला खेळ पहांटेपर्यंत चालतो. येथील नट परशुराम खुणे यांस २०२३ सालीं पद्मश्री मिळाल्यापासून या रंगभूमीचें नांव शहरांतही ऐकूं येतें. जुन्या दंडारींत गांवचेच गडी गांवापुढें नाचत. तेथें जें मिळे तें देणाराच्या खुषीचें. तिकीट लावून खेळ होऊं लागला तेव्हां बिदागीचा दर झाला, आणि दराबरोबर नीतीचा प्रश्न आला: नट, गायिका, तबलजी, दिव्यांची व्यवस्था पाहणारा, ह्या सर्वांच्या एका रात्रीचें मोल कशावरून ठरवावें?

घड्याळावरून ठरवावें, तर तबलजी रात्रभर जागतो आणि विनोदी नट चार प्रवेश करून मोकळा होतो. पण गर्दी लोटते ती त्या चार प्रवेशांसाठीं. चित्रकार व्हिस्लर ह्यानें रस्किनवर केलेल्या १८७८ च्या खटल्यांत, दोन दिवसांच्या कामाचे दोनशें गिनी कसे, असें विचारतां, ही किंमत जन्मभर मिळविलेल्या ज्ञानाची आहे, असें उत्तर दिलें. (खटला त्यानें जिंकला; भरपाई मिळाली एक फार्दिंग!) उत्तर पटण्याजोगें आहे. परंतु जन्मभराचें ज्ञान दिवेवाल्यापाशीं नसतें काय? त्याच्या नांवावर तिकीट खपत नाहीं, इतकेंच.

तथापि खरी अडचण निराळीच आहे. ज्याच्या घरीं धानाचीं पोतीं आहेत, तो हौसेखातर निम्म्या पैशांतही उभा राहूं शकतो. ज्याचें पोट केवळ नाटकावर आहे, त्यास हंगामाच्या मिळकतींत बारा महिने काढावयाचे असतात. पहिल्यानें दर उतरविला कीं दुसऱ्याचा आपोआप उतरतो. लोक ह्यास औदार्य म्हणतात. आम्हांस तें तसें वाटत नाहीं. दान आपल्या पदरचें करावें. येथें दिलें जातें तें शेजाऱ्याच्या ताटांतलें. व्हिस्लरच्या किंमतीस नाक मुरडणाऱ्या रस्किननेंच १८६० सालच्या आपल्या निबंधांत ह्या दुखण्यावर बोट ठेविलें होतें. एका कामाचा दर एकच असावा, निवड गुणावरून व्हावी, स्वस्ताईवरून नव्हे, असें त्याचें म्हणणें. हेच निबंध गांधीजींनीं १९०८ सालीं 'सर्वोदय' ह्या नांवानें गुजरातींत उतरविले.

ह्यावर कोणी म्हणेल कीं, नवख्यापाशीं स्वस्ताईवांचून दुसरें साधन कोणतें? आक्षेप खरा आहे, आणि रस्किन त्यास फार रुक्षपणें बाजूस सारतो. आमच्या मतें नवख्यास लहान भूमिका द्यावी, पण त्या भूमिकेचा दर पुरा द्यावा. कोणत्याही कामाचा किमान दर, तें हौसेनें करणारावरून न ठरवितां, त्यावर वर्ष काढणारावरून ठरवावा. त्याउपर नामवंतानें हवें तितकें मागावें. तिकिटें महागतील खरीं. तो बोजा गांवानें किती सोसावा, हें मंडळी, कलावंत व गांवकरी ह्यांनीं हंगामापूर्वीं एकत्र बसून ठरविण्याजोगें आहे. पहांटे खेळ संपून परतीची गाडी सुटतांना तें ठरवितां येत नाहीं.