उष्णता जाते कुठे?

सांगोल्याच्या बाजूला बागेतून डाळिंब उचलायचं, बाजार समितीत टाकायचं आणि रिकामे कॅरेट घेऊन परत यायचं, एवढंच काम वर्षानुवर्षं करणारी एखादी पिकअप. मीटर तीन लाख किलोमीटरच्या पुढे गेलेलं. मालक छातीवर हात ठेवून सांगतो की गाडीनं वाटेत कधी सोडलं नाही, आणि ते खरंही असतं. मग ही गाडी माल भरून पहिल्यांदाच गोव्याला निघते. मिरज, संकेश्वर, आजरा मागे पडतात आणि आंबोलीच्या घाटात ती हात टेकते. सगळे म्हणतात, म्हातारी झाली. मला हे निदान पटत नाही. आदल्या दिवशीही ती तेवढीच म्हातारी होती आणि बिनतक्रार पळत होती.

जवळच्या फेरीत गाडी तापते, पण ताप साचायच्या आत ती उभी राहते. हमाल माल उतरवतात तोवर टायर, ब्रेक, हब, गिअरबॉक्स सगळं निवतं. लांबच्या रस्त्यावर ही उसंत मिळत नाही. इंजिनात जळणाऱ्या डिझेलपैकी साधारण तिसरा हिस्साच चाकांच्या कामी येतो. बाकीचं बहुतेक उष्णता होऊन धुरावाटे आणि रेडिएटरवाटे बाहेर पडतं. ही वाट निम्मी तुंबली असली तरी रोजच्या फेरीत ते कळत नाही, कारण तेवढी वाट पुरते. म्हणून जुनी गाडी लांब न्यायची तयारी म्हणजे काय, याचं माझं उत्तर एकच आहे: उष्णतेला बाहेर पडायच्या वाटा मोकळ्या करणं.

पहिली वाट पाण्याची. आपल्या दुष्काळी पट्ट्यात रेडिएटरात बोअरचं पाणी ओतायची सवय आहे. त्या पाण्यातले क्षार घरच्या हंड्याला आतून चढतात, तसेच रेडिएटरच्या बारीक नळ्यांनाही चढतात. तेव्हा रेडिएटर आतून साफ करून घ्यावा आणि कंपनीनं सांगितलेलं कूलंट, पातळ करायचं असेल तर डिस्टिल्ड वॉटर घालूनच, भरावं. बाहेरच्या जाळीत चिखल, भुसा, किडे बसलेले असतात. ते इंजिनाच्या बाजूनं हलक्या धारेनं बाहेर ढकलावेत. गाडी गार असताना रबरी पाइप हातानं दाबून बघावेत. फुगलेला, चिकट किंवा लिबलिबीत लागला तो बदलावा. झाकणाकडे तर कुणी बघतच नाही. रेडिएटरचं झाकण आत दाब धरून ठेवतं. हवेच्या दाबावर आणखी एक बार दाब असला, तर नुसतं पाणीही १०० ऐवजी १२० अंशांच्या आसपास उकळतं. झाकणाचं रबर गेलं की ही सवलत गेली.

गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅटच काढून टाकायचा, हा उपाय बऱ्याच ठिकाणी सर्रास होतो. मला तो चुकीचा वाटतो. पहाटेच्या गारठ्यात इंजिन योग्य तापमानाला लवकर येत नाही, आणि काही इंजिनांत तर थर्मोस्टॅट नसला की थोडं पाणी रेडिएटरला वळसा घालून तसंच गरम परत फिरतं. तुंबलेली वाट मोकळी करायच्या ऐवजी दरवानच हाकलल्यासारखं हे आहे.

चढाला कसोटी रेडिएटरची: इंजिन पूर्ण जोरात, गाडी सेकंड गिअरवर, समोरून वारा जेमतेम. उताराला कसोटी ब्रेकची. आंबोली सुमारे ६९० मीटर उंचीवर आहे. माल धरून तीन टनांची गाडी नुसती ५०० मीटर खाली उतरली तरी जेवढी उष्णता तयार होते, तेवढ्यात ४५ लिटर गार पाण्याला उकळी येईल. ती सगळी जर ब्रेकनंच झेलायची ठरवली, तर लायनरबरोबर ब्रेक ऑइलही तापतं. हे तेल हवेतला ओलावा शोषत राहतं. डॉट ३ प्रकारचं ताजं तेल किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. ओलावा पुरेसा मुरला की ही हद्द १४० पर्यंत खाली येऊ शकते. तेल उकळलं की वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडल थेट तळाला जातं. थोड्या वेळानं सगळं निवलं की ब्रेक पुन्हा लागतो, गॅरेजमध्ये काही सापडत नाही, आणि दोष ड्रायव्हरवर येतो. मला याचं फार वाईट वाटतं. ब्रेक ऑइल वेळच्या वेळी बदलायला फारसा खर्च येत नाही. बाकी उष्णता इंजिनाला झेलू द्यावी, म्हणजे उतार लागण्याआधीच गिअर खाली घ्यावा.

टायरचंही मूळ तेच. हवा कमी असली की टायरची कड प्रत्येक फेऱ्याला जास्त दुमडते आणि आतून तापत जाते. म्हणून मालाच्या वजनाप्रमाणे हवा भरावी, तीही टायर गार असताना. कडेवरच्या चार आकड्यांत टायरचं वय असतं: २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी शिल्लक असली तरी रबर वाळलेलं असू शकतं. स्टेपनीचाही आकडा वाचावा.

दिवे, कागदपत्रं, जॅक हे सगळे बघतातच.

माझा आग्रह रंगीत तालमीचा. निघायच्या आठवडाभर आधी तेवढंच वजन टाकून शंभरेक किलोमीटर सलग जाऊन यावं, शक्य तर एखादा घाट धरून. मध्ये थांबून हाताचा पालथा पंजा हबजवळ न्यावा, चिकटवू नये. एकाच अ‍ॅक्सलची डावी आणि उजवी बाजू ताडून बघावी. एक कोमट आणि दुसरी हात धरवेना अशी असेल, तर तिथे ग्रीस संपलंय, बेअरिंग चाललंय किंवा ब्रेक धरून राहतोय. ते दुरुस्त करायला अजून आठवडा हाताशी असतो. मग दुसऱ्या दिवशी सकाळी, गार गाडीत, कूलंटची पातळी आदल्या दिवशीच्या खुणेवरच आहे ना ते बघावं. असेल तर डाळिंबाचे कॅरेट चढवायला हरकत नाही.