पुडी आणावयास मूल कोणी धाडले?

शाळकरी पोरांत तंबाखू, गुटखा, दारू शिरली, अशी ओरड आम्ही सप्त्याच्या मांडवात नेहमी ऐकतो. दोष सिनेमाला, मोबाईलला, मास्तरांना! पण त्याच मांडवात, "बाळ, जा रे, पुडी अन् चुना घेऊन ये," असे म्हणणारा कोण? गळ्यात तुळशीची माळ असलेला आपलाच माळकरी. माळ घालताना मद्यमांस सोडले, तंबाखूचे नाव त्यात कुठे होते, असे वर विचारतो. आम्हांस ही वकिली वाटते. ज्या वस्तूवाचून काकड्यालाही चित्त लागत नाही, तिला माणूस बांधलेलाच म्हणायचा.

२००३ च्या कायद्याने १८ वर्षांखालील मुलांना, तसेच शाळेपासून १०० यार्डांच्या आत, तंबाखू विकण्यास मनाई आहे. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी. तरी टपरी चालते. लहान गिऱ्हाईक आपणच धाडतो ना! दहा वर्षांच्या पोराला टपरीची वाट घरच्यांनी दाखवली, पुढे तेच पोर गुत्त्यावर दिसले तर नवल कसले?

म्हातारपणी जुने व्यसन सुटणे कठीण, हे आम्ही जाणतो. तंबाखूतले निकोटिन सहजी पाठ सोडीत नाही. तर निदान आपली पुडी आपण आणावी, पोरांदेखत मळू नये. येत्या एकादशीला फडाफडांतून एवढे तरी ठरेल काय?