अजाणता घडलेला दोष

इटलीच्या वायव्य किनाऱ्यावर, कामोल्यी आणि पोर्तोफिनो या गावांच्या दरम्यान, डोंगरांच्या कुशीत शिरलेली सान फ्रुत्तुओसो ही लहानशी खाडी आहे. काठी बेनेडिक्टाइन साधूंचा जुना मठ आहे. गाडीरस्ता नाही, होडीने अथवा पायवाटेने जावे लागते.

१९४७ साली दारियो गोन्झात्ती हा पाणबुड्या येथील समुद्रात मृत्यू पावला. पुढे दुइलियो मार्कान्ते याच्या कल्पनेतून, २२ ऑगस्ट १९५४ रोजी, सुमारे १७ मीटर खोलीवर ख्रिस्ताची कांस्यमूर्ती बसविण्यात आली. पदके आणि जहाजांच्या घंटा वितळवून शिल्पकार ग्विदो गाल्लेत्ती यांनी ती घडविली. तिचे दोन्ही हात वर उचललेले आहेत. तोंडात नळी धरून वर तरंगणाऱ्यास, पाणी नितळ असेल तर, तिची आकृती तेवढी दिसते. पाठीवर हवेची टाकी बांधून उतरणारा मात्र तिच्यासमोर जाऊन थांबू शकतो.

या मूर्तीचा एक हात नांगर लागून तुटला. २००३ साली ती वर काढून दुरुस्त करण्यात आली व २००४ मध्ये नव्या चौथऱ्यावर पुन्हा बसविली गेली.

नांगर सोडणाऱ्याने तो मूर्तीवर नेम धरून सोडला नसणार, हे उघड आहे. मग त्यास दोष द्यावा काय? पूजेच्या अखेरीस आपण जाणता-अजाणता घडलेल्या चुकांची क्षमा मागतो; अर्थात् अजाणता घडलेलाही दोषच, हे आपण मान्य केलेले आहे. पण क्षमा मागून आपण किती सहज उठतो! (माझेही तसेच होते.) ठाऊक नसणे निराळे आणि ठाऊक करून घेण्याचे कष्ट न घेणे निराळे. वरून पाणी निळे दिसते, एवढ्यावर आपण तळ रिकामा आहे असे धरून चालतो.

मूर्तीचा हात निदान मोजला तरी गेला, कारण तिच्यामागे शोक करणारी माणसे होती. भूमध्य समुद्राच्या तळाशी पोसिडोनिया नावाची वनस्पती कुरणासारखी पसरते. तिचे आडवे खोड वर्षाकाठी जेमतेम काही सेंटिमीटर वाढते. नांगराने उपटलेला तिचा पट्टा भरून येण्यास माणसाचे आयुष्य पुरत नाही. त्या गवतासाठी कोणी पदके वितळविली नाहीत.

१९९९ साली तेथील समुद्र संरक्षित ठरला आणि नांगर टाकण्यावर निर्बंध आले. तरी कायदा होण्यापूर्वीही एक उपाय होताच: डोळ्यांवर काच लावून, नांगर सोडण्याआधी, घटकाभर पाण्यात डोके घालून पाहणे.