राखण

बदलापूरजवळ बेलवलीच्या पट्ट्यात रुळांवर काम करणाऱ्या एका गँगमध्ये नवा पोरगा आला. खानदेशातला, शेतकऱ्याच्या घरचा, बी.एस्सी. झालेला. रेल्वेची परीक्षा पास होऊन ट्रॅक मेंटेनर म्हणून लागला, तेव्हा घरच्यांनी गावभर पेढे वाटले होते. सब्बल उचलायची, घाम गाळायचा, याची त्याने मनाची तयारी केली होती. पण मुकादमाने त्याच्या गळ्यात शिटी अडकवली, हातात लाल आणि हिरवा झेंडा दिला आणि गाडी लांबून दिसेल अशा जागी नेऊन उभं केलं.

“गाडी दिसली की शिटी मारायची. कोणत्याही लाईनीवर असो. दुसरं काही करायचं नाही.”

जुलैचे दिवस होते. पावसाने खडीखालची माती मऊ होते, रूळ बसतो आणि वरून जाणाऱ्या गाडीला हबका बसतो. म्हणून स्लीपरखाली खडी ठोकून पुन्हा घट्ट करायची, याला पॅकिंग म्हणतात. गँगची माणसं चिंब भिजत ते करत होती. कल्याणहून खोपोलीकडे जाणारी ही वाट 1856 पासून वाहती आहे आणि रोज कोणीतरी वाकून तिची निगा राखतं, म्हणूनच ती वाहती राहिली. आपणही त्या वाकणाऱ्यांत असावं, असं पोराला वाटे. चाळिशी-पन्नाशीची माणसं राबतात आणि धडधाकट आपण नुसते उभे, याची त्याला लाज वाटायची. मुकादमाचा आपल्यावर भरवसा नाही, असंच तो धरून चालला होता.

एका दुपारी गँगमधल्या एकाने हाक मारली, “ए भाऊ, ये रे जरा. सब्बलीला हात लाव.”

पोराला तेच हवं होतं. झेंडे काखेत मारून तो धावला. त्याने सब्बलीला हात घातला मात्र, मुकादम ओरडला, “साइड! सगळे बाहेर!”

हत्यारं उचलून सगळे रुळांबाहेर झाले. पोराने दोन्हीकडे पाहिलं. रूळ मोकळे होते.

“मुकादम, गाडी तर नाही.”

“गाडी नाही हे सांगणारा माणूसच इथं येऊन उभा राहिलाय. मग मी कोणाच्या भरवशावर ह्यांना रुळात ठेवू?”

पोरगा खाली मान घालून उभा राहिला. पण मुकादम आधी हाक मारणाऱ्याकडे वळला. “चूक तुझी जास्त. त्याला दोन आठवडे झालेत, तुला वीस वर्षं.” मग तो पोराला म्हणाला, “तुमच्याकडं ज्वारी हुरड्यात आली की माळ्यावर राखणीला माणूस बसवतात ना? त्याला कोणी खुरपायला बोलावतं का?”

“नाही.”

“का?”

“तो खाली उतरला की पाखरं उतरतात.”

“इथं पाखरं नाहीत, पोरा. ताशी 100 किलोमीटरने येणारी मेल सेकंदाला 28 मीटर कापते. अर्ध्या किलोमीटरवर दिसली, तर आपल्याजवळ यायला तिला 18 सेकंद लागतात. तेवढ्यात शिटी ऐकायची, पाठ सरळ करायची, हत्यार रुळातून काढायचं आणि बाजूला व्हायचं. तू पाच सेकंद दुसरीकडे पाहिलंस, तर ते ह्यांच्यातूनच गेले.”

त्याने पिशवीतून एक फटाका काढला. डबीएवढा, चपटा, दोन्ही बाजूंना पट्ट्या असलेला. “हा रुळाच्या माथ्यावर बांधतात. चाक वर आलं की बार होतो आणि ड्रायव्हर ब्रेक मारतो. रूळ तुटला किंवा गाडी थांबवावी लागेल असं काम निघालं, तर 600 मीटरवर आडवं लाल कापड लावायचं आणि 1200 मीटरवर असे तीन फटाके, दहा-दहा मीटरवर. एवढ्या लांब का? भरधाव गाडी जागच्या जागी थांबत नाही म्हणून. हे नियम साहेबांना दाखवण्यापुरते नाहीत. 13 फेब्रुवारी 2023 ला लासलगावजवळ पहाटे आपले चार ट्रॅक मेंटेनर गेले. आली ती मेल नव्हती की लोकल नव्हती. ओव्हरहेड वायरच्या कामाची टॉवर वॅगन होती, रेल्वेचीच. म्हणून गाडीची वेळ नाही, असं कधी म्हणायचं नाही.”

त्या दिवसापासून पोराची नजर रुळांवरून हलली नाही.

पुढे एकदा कामावर साहेब आले. काम लांबलं होतं, वरून फोनवर फोन येत होते. त्यांनी पोराकडे बोट केलं. “तू मोकळाच आहेस ना? जा, पलीकडच्या पेटीतून जॅक घेऊन ये. दोन मिनिटांचं काम.”

पोराचा घसा कोरडा पडला. तरी तो म्हणाला, “साहेब, मी जातो. पण मी परत येईपर्यंत सगळ्यांना बाहेर काढावं लागेल.”

साहेबांनी मुकादमाकडे पाहिलं. मुकादम म्हणाला, “बरोबर बोलतोय तो.” काम थांबण्यापेक्षा बरं, म्हणून चिडलेले साहेब स्वतःच रूळ ओलांडून पेटीकडे गेले.

तेवढ्यात मुंबईकडे जाणारी लोकल दिसली. पोराने शिटी मारली आणि गँग दोन्ही लाईनींच्या बाहेर झाली. लोकल धडधडत निघाली. त्या आवाजात दुसरं काही ऐकू येणं शक्य नव्हतं. शेवटचा डबा सरला तसे साहेब जॅक घेऊन पलीकडून निघाले. त्यांचा पाय पुढे पडणार, तोच पोराचा लाल झेंडा जोरजोरात हलू लागला. साहेब थबकले. लोकलच्या आड लपलेली, कर्जतकडे जाणारी मेल पावसातून आली आणि समोरच्या रुळावरून निघून गेली. तिचा आवाज त्यांना ती समोर आल्यावरच ऐकू आला.

दोन्ही लाईनी पाहून पोराने हात खाली केला, तेव्हा साहेब अलीकडे आले. जॅक खाली ठेवला आणि सगळ्यांसमोर म्हणाले, “आजपासून पहाऱ्यावरच्या माणसाला कोणी दुसरं काम सांगायचं नाही. मीसुद्धा नाही.” पोराला कळलं, मुकादमाने आपल्याला बाजूला ठेवलं नव्हतं, गँगमधल्या प्रत्येकाचा जीव आपल्या हाती दिला होता.

तात्पर्य: राखण करणारा माणूस रिकामा दिसतो, म्हणून त्याला दुसरं काम सांगणं म्हणजे राखण काढून घेणं. माणसं कमी आहेत, वेळ नाही, दोनच मिनिटं, ही कारणं त्याच्या जागेवर उभी राहून शिटी मारू शकत नाहीत. साहेबाने त्याचं ऐकावं, सोबत्याने त्याला हाक मारू नये आणि त्याने स्वतःही लाजून जागा सोडू नये. रविवारच्या मेगाब्लॉकला वैतागणाऱ्या आपणही एवढं ध्यानात ठेवावं, की आपली गाडी उशिरा धावते त्या वेळात रुळावर वाकलेल्या कोणाच्या तरी पाठीची राखण होत असते.