आधी पाणी, मग बोलणं

चाळिशी-पन्नाशीतला माणूस समुपदेशकासमोर बसतो आणि बोलायच्या आधीच त्याचा गळा दाटून येतो. मग ओशाळून म्हणतो, ‘सॉरी, एवढं काही नाही हो.’ जाणता समुपदेशक तेव्हा ‘रडू नका’ म्हणत नाही, लगेच कारणही विचारत नाही. पाण्याचा पेला पुढे सरकवतो. पावलं जमिनीवर नीट टेकवायला सांगतो, आणि श्वास घेण्यापेक्षा सोडायला जरा जास्त वेळ घ्यायला. यात जादू काही नाही. उच्छ्वास लांबला की हृदयाची धडधड उतरते. तोवर कितीही समजावलं तरी डोक्यात शिरत नाही. आपण घरची माणसं नेमकं उलटं करतो: आधी उपदेश, मग पाणी!

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी १९५७ साली मांडलं, की माणसात बदल घडतो तो समोरच्याचा खरेपणा, विनाअट स्वीकार आणि समजून घेणं यांतून. ऐकायला सोपं वाटतं. पण समोरचा गप्प असताना आपणही गप्प बसून राहणं, करून पाहा एकदा.

ज्यांना असं कुणाशी बोलायची गरज वाटेल त्यांच्यासाठी ‘टेलि-मानस’ या मानसिक आरोग्य सेवेचा सरकारी क्रमांक आहे: १४४१६. रात्री-अपरात्रीही लावता येतो, मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत.